मोठं मोटरहोम की छोटी कॅम्परव्हॅन? प्राणी-पक्षी पाहायचे असतील तर…

रमतगमत जायचं, जागा आवडली की थांबायचं आणि वाटेत दिसतील ते प्राणी-पक्षी निवांत पाहायचे, असा बेत असेल तर आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी नुसता पलंग आणि ओटा बघून निवडू नका. मी दोन्ही प्रकारांतून फिरलो आहे. हल्ली व्हॅनच घेतो, पण मोठ्या गाडीचं माप तिच्या पदरात टाकायलाच हवं.

मोठ्या मोटरहोमची खरी जमेची बाजू म्हणजे उंची. रस्त्याकडेच्या झुडपांवरून, वाढलेल्या गवतावरून नजर पार जाते. व्हॅनमधून जिथे नुसती हिरवी भिंत दिसते, तिथे या गाडीतून पलीकडे चरणारी हरणं दिसतात. दुसरं म्हणजे आतला संडास. गाडी हे आयतं लपण असतं. बरेच प्राणी उभ्या गाडीला फारसे बिचकत नाहीत, पण माणूस खाली उतरला की क्षणात पसार होतात. भल्या पहाटे दार उघडावंच लागलं नाही, तर समोरचं कुरण जसंच्या तसं राहतं. पावसात अडकलात तर ऐसपैस जागेचं मोल वेगळं सांगायला नको.

व्हॅनमध्ये पलंगाची घडी घालताना खडखड होते, आणि सरकत्या दरवाजाचा आवाज तर लांबवर जातो. म्हणून संध्याकाळी पाहायला बसायचं असेल, तर मी दार दिवस मावळण्याच्या बराच आधी उघडून ठेवतो.

एवढं असूनही माझं मत फिरलं ते खिडक्यांमुळे. मोठ्या मोटरहोमच्या राहत्या भागाला सहसा काच नसते. दुपदरी अ‍ॅक्रिलिक, म्हणजे पारदर्शक प्लास्टिक असतं. ते हलकं असतं, ऊब धरतं, आणि नुसत्या डोळ्यांना त्यात काही खोट जाणवत नाही. दुर्बीण लावा आणि बघा. फोकसचं चाक कितीही फिरवलं तरी चित्र स्वच्छ होत नाही, पिसांच्या कडा पसरलेल्याच राहतात. तिरकं पाहिलं तर आणखी वाईट. त्यात पहाटे रात्रभराच्या श्वासांची वाफ आतून धरलेली असते, आणि प्राण्यांची सर्वाधिक हालचाल नेमकी त्याच वेळी आणि तिन्हीसांजेला असते. घाईने कोरड्या फडक्याने पुसावं तर ओरखडे उठतात. खिडकी उघडावी तर ती वर बिजागरी असलेली झडप. कड्या टकटकतात, मोठं चकाकतं तावदान बाहेर झुलतं, आणि तेवढ्यात कोल्ह्याची मान वर होते. टेबलाशी आरामात बसून पाहता यावं म्हणून मोठी गाडी घ्यायची आणि त्याच टेबलाशी बसून धड दिसू नये, याचा मला फार त्रास झाला.

पुढच्या केबिनला काच असतेच की, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण मोठी गाडी जिथे मावेल तिथे आणि जशी मावेल तशी लावावी लागते. तिचं तोंड कुरणाकडे येईलच असं नाही. व्हॅन अरुंद वाटेवरही वळते, हवं तिकडे तोंड करून उभी राहते. इंजिन बंद करायचं, शेजारची काच आधीच खाली घ्यायची आणि दारावर उशी ठेवून त्यावर कोपर टेकायचं. घुबड असो की पाण्याकडेला आलेलं पाणमांजर, मधे काहीच येत नाही. मागे कोणी उठलं की गाडी डुलते आणि जास्त पटीच्या दुर्बिणीत ते डुलणं जास्त जाणवतं, म्हणून दहापटीपेक्षा आठपटीची दुर्बीण मला सोयीची वाटते. व्हॅनलाही मागे अ‍ॅक्रिलिक असू शकतं, तेव्हा घेताना पुढच्या जागेवर बसून दोन्ही बाजूंना कुठवर दिसतं ते जरूर पाहा.

सोबत लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर मी मोठ्या गाडीला नाही म्हणणार नाही. फक्त मुक्कामाला थोडं लवकर पोहोचा, म्हणजे तोंड मोकळ्या बाजूला करून लावता येईल अशी जागा शोधायला वेळ मिळेल. झडप ऊन असतानाच उघडून अडकवून ठेवा. दोघंच जाणार असाल, तर माझ्या मते व्हॅनच घ्या.