पल्स्ड डाय लेसर: गालावरचा जन्मजात डाग किती उतरला?

निकाल आधीच सांगते: डाग गेलेला नाही, उतरलाय. माझ्या उजव्या गालावर नाकापासून कानापर्यंत पसरलेला जांभळट लाल पोर्ट-वाईन स्टेन आहे, म्हणजे त्वचेतल्या फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांमुळे दिसणारा जन्मजात डाग. लेसर सुरू करून इतक्या महिन्यांनी कानाजवळचा आणि जबड्याच्या कडेचा भाग पटकन लक्षातही येत नाही. नाकाशेजारचा आणि वरच्या ओठावरचा पट्टा मात्र ठाण मांडून बसलाय. चेहऱ्याच्या मधल्या भागातला डाग लेसरला कमीच दाद देतो, त्यामुळे यात नवल नाही. "इतक्या सिटिंगमध्ये पूर्ण क्लिअर" अशी हमी कोणी देत असेल, तर तिथून सरळ उठावं.

माझ्यासाठी वापरला तो 595 नॅनोमीटर तरंगलांबीचा पल्स्ड डाय लेसर. हा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, बारीक रक्तवाहिनी तापून बंद पडते आणि आजूबाजूची त्वचा बऱ्यापैकी बचावते. अँडरसन आणि पॅरिश यांनी 1983 साली मांडलेलं हे तत्त्व. गोम अशी की त्वचेला रंग देणारं मेलॅनिनही त्यातला काही प्रकाश खातं. म्हणून सावळ्या त्वचेला पॅच टेस्टशिवाय (आधी छोट्या भागावर करून बघितलेल्या चाचणीशिवाय) हात लावू देऊ नये. एका सिटिंगनंतर मला तपकिरी डाग उठले. डॉक्टरांनी ऊर्जा कमी केली, दोन सिटिंगमधलं अंतर वाढवलं, आणि ते डाग सावकाश गेले. सनस्क्रीन तेव्हापासून सुटलेलं नाही.

सिटिंग थोडक्यात आटपतं. डोळे झाकतात, थंड फवारा बसतो आणि त्याच क्षणी चटका. रबर ताणून सोडल्यासारखं वाटतं म्हणतात. गालावर ठीक आहे, पण ओठावर ही उपमा फारच सौम्य पडते. जळक्या लवेचा वास येतो. नंतर गोल गोल काळेनिळे ठिपके उमटतात आणि आठवडा-दोन आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो. सुजेचं म्हणाल तर पहिल्या रात्री उशी उंच घेतली की बरं पडतं. फरक आरशात कळत नाही. एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी काढलेले फोटो शेजारी ठेवले तरच कळतो.

कुणी न सांगितलेली गोष्ट हिरड्यांची. वरच्या उजव्या हिरडीतून ब्रश करताना रक्त यायचं. त्वचेच्या क्लिनिकमध्ये कुणी तोंड उघडायलाही सांगितलं नाही, याचा राग आहे. शेवटी दंतवैद्यांनी दाखवलं: डाग आत हिरडीपर्यंत आलाय, तिथल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या, त्यावर दातांवरचा थर साचून सूज. साफसफाईनंतर रक्त बरंच कमी झालं. दात काढायची वेळ आली तर हे आधीच सांगायला हवं, कारण रक्तस्राव जास्त होऊ शकतो.

घरात वर्षानुवर्षं "कोणाकडून आला" हा विषय चालायचा. 2013 साली संशोधकांनी अशा बहुतेक डागांमध्ये जीएनएक्यू जनुकातला बदल दाखवला. तो गर्भात, काही पेशींतच होतो; आईवडिलांकडून येत नाही. लेसर तो बदल पुसत नाही, म्हणून उतरलेला डाग काही वर्षांनी पुन्हा गडद होऊ शकतो. बाळाच्या कपाळावर किंवा पापणीवर असा डाग असेल तर लेसरच्या चौकशीआधी डोळ्याचा दाब आणि मेंदूची तपासणी करून घ्या. स्टर्ज-वेबर सिंड्रोमची, म्हणजे अशा डागासोबत डोळे आणि मेंदूवरही परिणाम करणाऱ्या जन्मजात विकाराची शक्यता तिथे असते.

कानाजवळच्या भागाला आता मी विश्रांती दिलीय. ओठासाठी अजून काही सिटिंग घेणार, मात्र दर वेळी आधी हिरडी तपासून.