पाईप पाना घ्यायचाय? स्टिलसन, स्वीडिश की बटणवाली पक्कड

नटाला सहा बाजू असतात, पान्याला टेकायला जागा मिळते. पाईप गोल आणि गुळगुळीत, त्यात बहुतेक वेळा ओला. त्यामुळे पाईप धरायचं कुठलंही हत्यार हातात घेतलं की मी आधी एकच गोष्ट बघतो: याची पकड येते कुठून? माझ्या मुठीच्या जोरातून, की मी दांडा ओढतो त्या ओढीतून? दुकानात सगळे पाने सारखेच दिसतात, भावात मात्र दुपटी-तिपटीचा फरक असतो. हा प्रश्न मनात ठेवला की निवड सोपी होते.

आमच्याकडे शेतात दोन बोअर आहेत आणि घराची लाईन अजून जुनी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपची आहे. दोन्हींची कामं मी स्वतःच करतो, म्हणून खाली लिहिलेली सगळी हत्यारं माझ्या हातून गेली आहेत.

आधी आपला नेहमीचा पाईप पाना. त्याला स्टिलसन म्हणतात, कारण डॅनियल स्टिलसन या अमेरिकन कारागिराला त्याचं पेटंट 1870च्या सुमारास मिळालं. तो वॉलवर्थ कंपनीत काम करायचा. त्याने आधी लाकडाचा नमुना केला, मग त्यावरून खरा पाना घडवला. पाईप तरी पिळून तुटू दे नाहीतर पाना तरी मोडू दे, अशी चाचणी ठरली, आणि तुटला तो पाईप.

असं का झालं, ते पाना हलवून बघितला की कळतं. वरचा आकड्यासारखा जबडा थोडा ढिला असतो, खुळखुळतो. नवखा माणूस हा नग खराब आहे म्हणून परत ठेवतो, पण सगळी करामत त्या ढिलेपणातच आहे. दांडा ओढला की वरचा जबडा किंचित कलतो, दोन्ही जबड्यांच्या दातांमधलं अंतर कमी होतं आणि दात पाईपमध्ये रुततात. जितकं जोरात ओढाल तितकी पकड घट्ट. मुठीला दाबायचं काही कामच उरत नाही. उलट्या बाजूला ढकलला की तोच पाना सुटतो, मग त्याला मागे नेऊन लगेच दुसरा घास घेता येतो.

हे साधण्यासाठी पाना लावायची एक रीत आहे, ती बऱ्याच जणांना कुणी सांगितलेली नसते. पाईप जबड्याच्या अगदी आतपर्यंत खुपसायचा नाही. पाईप आणि आकड्याची पाठ यांच्यात करंगळी जाईल एवढी फट ठेवायची. फट नसेल तर जबड्याला कलायला जागा राहत नाही, आणि पाना घसरतो. ओढायचंही जबड्याचं तोंड उघडतं त्याच बाजूला. एका उन्हाळ्यात टाकीखालची युनियन (आट्यांचा, खोलता येणारा जोड) खोलताना मी घाईत पाईप पाठीला टेकवला, पाना सटकला आणि चार बोटांचे सांधे भिंतीवर सोलवटले. त्या दिवसापासून फट बघितल्याशिवाय जोर लावत नाही.

स्टिलसनच्या तोट्यांमध्ये पहिला वजनाचा. 14 इंची लोखंडी पाना साधारण 1.6 किलोचा, अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्याचा तेवढाच पाना साधारण 1 किलोचा. त्यातही जबडे पोलादीच असतात, त्यामुळे पकडीत फरक पडत नाही. घरात वर्षातून दोनदा लागणार असेल तर लोखंडी पुरे. बोअरचे पाईप काढणाऱ्याने मात्र जादा पैसे मोजावेत. इंडिया मार्क टू हा सरकारी हातपंप डोळ्यासमोर आणा. आमच्या सोलापूरच्या पंपावरूनच तो 1970च्या दशकात पुढे घडवला गेला. त्याचा खाली सोडलेला पाईप 32 मि.मी.चा जीआय, 3-3 मीटरच्या तुकड्यांचा. पाणी उचलणारा सिलिंडर खाली 30 मीटरवर असेल तर दहाएक जोड खोलायचे आणि तेवढेच पुन्हा आवळायचे. पाचव्या जोडाला खांदा बोलायला लागतो, तेव्हा 600 ग्रॅमचा फरक नीट कळतो. एक सांगून ठेवतो, खोलताना खालच्या पाईपचा भार क्लॅम्पवरच घ्यायचा. पान्याच्या भरवशावर पाईप लटकवायचा नाही, सुटला तर तो थेट बोअरच्या तळाला जातो.

दुसरा तोटा असा की दातांचे वण राहतात. क्रोमचा नळ किंवा शॉवरचा पाईप याने धरला की तो कायमचा खराब झाला म्हणून समजा. नटावरही हा पाना लावू नका, कोपरे झिजून नट गोल होतो.

स्वीडिश पाना म्हणजे दोन दांड्यांचा, लांब कात्रीसारखा दिसणारा, मध्ये फिरवायची चक्री असलेला. योहान पेटर योहान्सन या स्वीडिश माणसाने त्याचं पेटंट 1888 साली घेतलं. याची डोक्याकडची बाजू निमुळती असते, त्यामुळे भिंतीला चिकटून गेलेल्या पाईपमागे तो शिरतो, जिथे स्टिलसनचं जाड डोकं जातच नाही. एस आकाराच्या जबड्याचा घेतला तर तो पाईपला तीन ठिकाणी टेकतो आणि चांगला बसतो. पण पकड बरीचशी मुठीतून येते. दोन्ही दांडे एका हातात आवळून धरायचे आणि त्याच हाताने फिरवायचंही. तासभराच्या कामात मनगट भरून येतं. ज्याचं रोजचं काम अडचणीच्या जागेतलं आहे त्याने हा जरूर घ्यावा, घरासाठी मी सुचवणार नाही.

आता बटणवाली पक्कड. वॉटर पंप प्लायर, म्हणजे खाचांवर जबडा सरकवून माप बदलायची पक्कड, आपल्याकडे खूप वर्षांपासून आहेत, पण साध्या नगात खाचा बदलायला दोन हात लागतात, आणि जोर लावला की कधीकधी खाच सुटून बोट चिमटतं. जर्मनीच्या क्निपेक्स कंपनीच्या कोब्रा पक्कडीने या दोन्ही गोष्टी सुधारल्या. बटण दाबायचं, वरचा जबडा थेट पाईपवर सरकवायचा, बटण सोडायचं. एक हात पाईपखाली अडकलेला असला तरी हे जमतं. महत्त्वाचं म्हणजे दात फिरवण्याच्या उलट दिशेला कललेले असतात, त्यामुळे एकदा बसली की फिरवताना ती स्वतःहून आवळत जाते. स्टिलसनने हातभर लांब लोखंडात केलेली गोष्ट इथे खिशात मावते. 250 मि.मी.ची पक्कड बाहेरून साधारण 50 मि.मी.च्या पाईपपर्यंत उघडते आणि वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आत. नटावरही चालते.

मर्यादा लांबीची. पकड कितीही चांगली असली तरी गंजलेला जोड सुटतो तो दांड्याच्या लांबीने. वीस वर्षं न खोललेली एक इंची सॉकेट 250 मि.मी.च्या पक्कडीने हलत नाही. याच्या उलट चूकही होते. अर्ध्या इंची लाईनला 24 इंची पाना लावला तर जोड सुटायच्या आधी जुना एल्बो तडकतो, किंवा पाईप आट्यांपाशी पिळला जातो. अर्धा ते सव्वा इंचीसाठी 14 इंची पुरतो, बोअरमध्ये सोडलेल्या दोन इंची कॉलम पाईपला 24 इंची हवा.

मापाचीही एक गोम आहे. अर्धा इंची पाईप बाहेरून साधारण 21 मि.मी. असतो, एक इंची साधारण 33, दोन इंची 60. पक्कडीवर मि.मी.त माप लिहिलेलं असेल तर ते बाहेरच्या मापाशी ताडून बघा.

चेन पाना मोठ्या मापाला आणि ओबडधोबड पाईपला. साखळी पूर्ण वेढा घालते, जोर सगळीकडे वाटला जातो. चार इंचाच्या वर काम नसेल तर घेऊ नका. पट्ट्याचा पाना क्रोम, फिल्टरचं भांडं आणि प्लास्टिकला. वण पडत नाही, पण ओल्या पाईपवर घसरतो, आधी फडक्याने पुसून घ्यायचा. यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकच्या कॉलम पाईपला दातेरी पाना लावू नये. ओरखडा पडतो आणि पुढे भार आला की चीर तिथूनच सुरू होते.

आता तुमचं काम बघा. फ्लॅटमध्ये सगळी लाईन सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकची असेल तर पाईप पाना घेऊच नका. तिथले जोड चिकटवलेले असतात, खोलायचे नसतात. नळ, अँगल कॉक आणि पितळी आट्यांपुरती बटणवाली पक्कड भरपूर झाली. घर जुनं आणि जीआय लाईन असेल तर 14 इंची स्टिलसन आणि सोबत 250 मि.मी.ची पक्कड घ्या. दोन हत्यारं लागतातच, कारण एकाने सॉकेट धरायची आणि दुसऱ्याने पाईप फिरवायचा. एकाच पान्याने फिरवलं तर मागचा चांगला जोड ढिला होतो आणि गळती भिंतीच्या आत सुरू होते. शेतात बोअर आणि लोखंडी कॉलम असेल तर 24 इंचीची जोडी, शक्य असल्यास अ‍ॅल्युमिनियमची.

दुकानात जाताना पिशवीत पाऊण इंची जुना निपल (आट्यांचा आखूड पाईप) घेऊन जा. त्यावर पाना लावून थोडं ओढा, मग मागे न्या, पुन्हा ओढा. सुटताना अडकतो का, चक्री बोटाने फिरते का, बघा. खालच्या जबड्याचे दात झिजले की तो जबडा एकटा बदलून मिळतो का, हेही विचारा. मिळत असेल तर तोच नग घ्या, भाव थोडा जास्त पडला तरी.