शहर-भत्त्याची रेघ कुठे ओढायची? आयोगाकडे जाण्याआधी तीन पद्धतींची तुलना

समजा दोन केंद्रीय कर्मचारी आहेत, एकाची नेमणूक इंदूरला, दुसऱ्याची शेजारच्या देवासला. दोघांचं मूळ वेतन सारखंच, लेव्हल ६ चं सुरुवातीचं, ३५,४०० रुपये. इंदूरवाल्याला घरभाडे भत्ता मिळतो ७,०८० आणि देवासवाल्याला ३,५४०. दोघं इंदूरच्या सुदामा नगरात एकाच इमारतीत भाड्याने राहत असले तरी हा फरक तसाच राहतो, कारण भत्ता घराच्या पत्त्यावरून ठरत नाही, नेमणुकीच्या गावावरून ठरतो. वर्षाकाठी हे ४२,४८० रुपये होतात. रोज अप-डाउन करण्याचा खर्च वेगळा, आणि तो कमी भत्ता घेणाऱ्याच्याच माथी.

न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग नोव्हेंबर २०२५ मध्ये स्थापन झाला. त्याला अहवालासाठी अठरा महिने मिळाले आहेत. इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर यांसारख्या शहरांतून "आमचं शहर एक्स वर्गात (सर्वांत जास्त घरभाडे भत्त्याच्या वर्गात) घाला" ही मागणी सहज सुचते. मला ती अपुरी वाटते. आपलं शहर वर चढलं तरी रेघ जिथल्या तिथेच राहते आणि तिच्या पलीकडचा देवासवाला पलीकडेच राहतो. रेघ कशाच्या आधारावर ओढायची, हे आधी ठरवायला हवं. आयोगाला द्यायच्या निवेदनाचा मसुदा ज्यांच्या हातात आहे, त्यांच्यासाठी ही तुलना.

आजची पद्धत: लोकसंख्या

नियम सोपा आहे. ५० लाख किंवा त्याहून जास्त वस्ती असेल तर एक्स, ५ लाख ते ५० लाख वाय, त्याखाली झेड. जुलै २०१७ मध्ये दर २४, १६ आणि ८ टक्के होते. महागाई भत्त्याने २५ टक्क्यांची पातळी ओलांडली तेव्हा, जुलै २०२१ पासून, ते २७, १८, ९ झाले. तो ५० टक्क्यांवर गेल्यावर, जानेवारी २०२४ पासून, ३०, २० आणि १० झाले. इंदूर, बडोदा आणि ग्वाल्हेर तिन्ही वाय वर्गात आहेत.

या पद्धतीचा एक गुण मी मनापासून मानतो. जनगणनेचा आकडा सर्वांसमोर असतो, त्यात कुणाच्या मर्जीला वाव नसतो. दिल्लीत ज्यांचं कुणी बोलणारं नाही अशा शहरांना हे मोठं संरक्षण आहे. २०११ च्या जनगणनेत उज्जैनची वस्ती ५.१५ लाख भरली आणि १ एप्रिल २०१४ पासून उज्जैन आपोआप वाय वर्गात आलं. सांगली, नांदेड, मालेगावही त्याच आदेशाने वर आली.

पण कड्यावर काय होतं ते पाहा. पुण्याचा नागरी समूह (शहर आणि त्याला लागून वाढलेली वस्ती) २०११ मध्ये ५०.५ लाखांचा निघाला, म्हणजे सीमा जेमतेम ओलांडली, आणि पुणे एक्स झालं. सुरत ४५.९ लाखांवर राहिलं, म्हणून वाय. साडेचार-पाच लाखांच्या फरकासाठी दर थेट ३० वरून २० वर येतो. दुसरीकडे ५.१५ लाखांचं उज्जैन आणि पावणेबावीस लाखांचं इंदूर यांना एकच दर. इंदूर आणि उज्जैनमधल्या भाड्यांचं अंतर दोन्हीकडे घर शोधलेल्या माणसाला सांगायला नको. पूर्वी शहरांचे ए-१, ए, बी-१, बी-२, सी असे वर्ग होते. घरभाड्याचा दर ए, बी-१ आणि बी-२ ला तेव्हाही सारखाच होता, पण सहाव्या आयोगाच्या वेळी हे तिन्ही एकत्र करून वाय केला, आणि वर्गवारीतल्या मधल्या पायऱ्याही गेल्या. मला हे त्या आयोगाचं सर्वांत नुकसानकारक सुलभीकरण वाटतं.

आकडेही शिळे आहेत. सगळं अजून २०११ वर चाललंय. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे.

बडोद्याच्या वाचकांनी इथे वाहतूक भत्त्याकडेही बघावं, कारण त्याचा नकाशा वेगळा आहे. जास्त दर मिळणारी शहरं १९ आहेत. त्यात इंदूर आहे, बडोदा आणि ग्वाल्हेर नाहीत. लेव्हल ३ ते ८ साठी या शहरांत ३,६०० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता, इतरत्र १,८०० आणि त्यावर महागाई भत्ता. त्या यादीतल्या प्रत्येक नागरी समूहाची वस्ती २०११ मध्ये २० लाखांच्या वर होती. बडोद्याची होती १८.२ लाख. म्हणजे घरभाड्यात इंदूर आणि बडोदा सारखे, प्रवासाच्या पैशात बडोदा निम्म्यावर. सरकारला २० लाखांची पायरी ठाऊक आहे, ती एका भत्त्यात वापरातही आहे. घरभाड्यात मात्र ती नाही.

अमेरिकेची पद्धत: मजुरीचा बाजार

अमेरिकेत १९९० च्या कायद्याने केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी प्रदेशनिहाय वेतन ठरलं आणि जानेवारी १९९४ पासून ते लागू झालं. तिथे राहणीचा खर्च मोजतच नाहीत. त्या भागात केंद्र सरकारबाहेरचे मालक तशाच कामाला किती पगार देतात ते कामगार सांख्यिकी खातं मोजतं, आणि सरकारी पगाराशी असलेली तफावत भरण्यासाठी टक्केवारी ठरते. २०२४ पासून असे ५८ प्रदेश आहेत. सॅन फ्रान्सिस्कोचा दर २०२५ मध्ये ४६.३४ टक्के होता, आणि कुठल्याच खास प्रदेशात न बसणाऱ्या 'उर्वरित अमेरिके'चा १७.०६ टक्के.

हद्दीच्या बाबतीत ते आपल्यापेक्षा शहाणे आहेत. पालिकेच्या सीमेवर ते थांबत नाहीत. शेजारच्या जिल्ह्यातून मुख्य शहरात रोज किती लोक कामाला येतात हे बघून तो जिल्हा प्रदेशाला जोडायचा की नाही ते ठरवतात. वेतन परिषदेच्या बैठकीत एखाद्या कडेच्या जिल्ह्यातले कर्मचारी स्वतः जाऊन आपली बाजू मांडू शकतात. दुसरी जमेची गोष्ट निवृत्तिवेतनाची. प्रदेशनिहाय वाढ तिथे निवृत्तिवेतनासाठी मूळ वेतनातच धरली जाते. आपला घरभाडे भत्ता पेन्शनच्या हिशेबात येत नाही, आणि सरकारी क्वार्टर मिळालं की बंदच होतो.

हे वाचून अनेकांना वाटेल की हीच पद्धत मागावी. पण वर्ग क आणि जुन्या वर्ग ड मधल्या माझ्या सहकाऱ्यांच्या दृष्टीने ही मागणी घातक ठरेल, म्हणून मी इथे थोडं थांबतो. सातव्या आयोगाने अहमदाबादच्या आयआयएमकडून सरकारी आणि खाजगी पगारांची तुलना करून घेतली होती. सरकारातल्या सर्वांत खालच्या मदतनिसाला एकूण २२,५७९ रुपये मिळत होते, पाहणीतल्या खाजगी संस्थांमध्ये तशाच कामाला ८,००० ते ९,५००. मजुरीचा बाजार हा निकष लावला तर इंदूरच्या एखाद्या कार्यालयातल्या मल्टी-टास्किंग कर्मचाऱ्याची तफावत उलटी निघेल. सरकार म्हणेल, तुम्हाला बाजारापेक्षा जास्तच मिळतंय, वाढ कशाला? फायदा झालाच तर वरच्या तांत्रिक आणि व्यवस्थापकीय पदांना. खाजगी मालक माणसाला पोटापुरतंही देत नसेल, तर त्याच्या वहीवरून सरकारी नोकराचा भत्ता ठरू नये, असं माझं ठाम मत आहे.

शिवाय कायद्याने तफावत पाच टक्क्यांवर आणायचं ठरवूनही अमेरिकेत ते साधलेलं नाही. जवळजवळ दरवर्षी राष्ट्राध्यक्ष पर्यायी योजना मांडून वाढ कमी करतात. सूत्र कितीही नेमकं असलं तरी शेवटी तिजोरीचं म्हणणं चालतं.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेत लंडनभोवती कडी आहेत: आतल्या लंडनला २० टक्के, बाहेरच्याला १५, काठावरच्या पट्ट्याला ५. एका महानगरासाठी ते बरं आहे. आपल्या देशाला लागू पडेल असं त्यात काठाच्या पट्ट्याची कल्पना सोडून फार काही नाही.

तिसरी पद्धत: खरं घरभाडं

सर्वांत न्याय्य वाटणारी हीच. भत्ता घरभाड्याचा, तर भाडंच मोजा. कामगार ब्युरो औद्योगिक कामगारांच्या ग्राहक निर्देशांकासाठी ८८ केंद्रांत किमती गोळा करतो. त्यात इंदूर आहे, बडोदाही आहे. घरभाड्याचा भाग सहा-सहा महिन्यांनी सुधारला जातो. याच निर्देशांकावर आपला महागाई भत्ता ठरतो.

पण निवेदनात हा मुद्दा घालणाऱ्यांनी एक अडचण नीट समजून घ्यावी, नाहीतर आयोगासमोर पहिल्याच प्रश्नाला उत्तर राहणार नाही. निर्देशांक एका केंद्रातला काळानुसार बदल सांगतो. इंदूरचा आकडा बडोद्यापेक्षा मोठा निघाला तर एवढंच कळतं की २०१६ नंतर, म्हणजे निर्देशांकाच्या पायाभूत वर्षानंतर, इंदूरमध्ये वाढ जास्त झाली. भाडं कुठे जास्त आहे, हे त्यातून कळत नाही. शहरा-शहरांत तुलना करायची तर एकसारख्या घरांची स्वतंत्र पाहणी हवी. ती झाली तरी दर नव्या पाहणीनंतर कुणाचा तरी भत्ता खाली येणार, आणि घर भाड्याने घेऊन बसलेल्या माणसाला हा झटका सोसणारा नसतो. पाहणीची मागणी जरूर करावी, पण सगळा भार तिच्यावर टाकू नये.

आपल्याच नियमांत असलेली वाट

फरीदाबाद, गाझियाबाद, नोएडा आणि गुडगाव इथल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना खास आदेशाने दिल्लीच्या एक्स दराने घरभाडे भत्ता मिळतो. गोवा, शिलाँग आणि पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) यांनाही खास आदेशानेच वाय दर आहे. जुन्या नियमांत तर शहराच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आतल्या कार्यालयांना, ती शहरावर अवलंबून असल्याचा दाखला असेल तर, शहराचा दर देण्याची सोय होती. म्हणजे रोजच्या ये-जा संबंधावरून शेजारचं गाव शहराला जोडणं हे काही परदेशातून आणायचं नाही. दिल्लीभोवती ते झालेलंच आहे.

वाय वर्गाच्या यादीत इंदूरसमोर 'नागरी समूह' असं लिहिलंय. शेजारच्या देवास, महू, पिथमपूर या गावांची नावं यादीत नाहीत. दुसरीकडे राज्य सरकार इंदूर, उज्जैन, देवास, धार यांना घेऊन एक महानगर क्षेत्र आखतंय. रस्ते आणि उद्योगांसाठी हा सगळा भाग एक, आणि पगाराच्या कागदावर वेगवेगळा, हे आयोगाला पटवून देण्यासारखं आहे.

पुरावा मात्र हवा. २०११ च्या जनगणनेत कामाच्या जागेपर्यंतचं अंतर आणि प्रवासाचं साधन विचारलं होतं, कोणत्या गावाला जाता ते विचारलं नव्हतं. त्यामुळे तिथून थेट आकडा मिळणार नाही. कार्यालयाच्या नोंदीत प्रत्येकाचा राहता पत्ता असतो. देवासच्या पोस्टात, रेल्वेत, आयकरात किती जण इंदूरहून येतात हे संघटना नावं न घेता, नुसती संख्या काढून सांगू शकते. इंदूर-देवास-उज्जैन मार्गावरच्या मासिक पासांचा आकडा रेल्वेकडे असतो, तो माहितीच्या अधिकारात मागता येतो.

मग कुणी काय मागावं

इंदूरने एक्स वर्गाचा हट्ट सोडावा. २१.७ लाखांवरून ५० लाखांची उडी कुणी मान्य करणार नाही. २० लाखांवर मधली पायरी मागावी, समजा २५ टक्के. ३५,४०० च्या मूळ वेतनावर ते ८,८५० होतात, आजच्यापेक्षा १,७७० जास्त. वाहतूक भत्त्यात ही पायरी आहेच, हा युक्तिवाद खोडायला अवघड आहे. सोबत देवास, महू, पिथमपूर जोडण्याचं कलम असावं. माझ्या मते दोन्हींत हे दुसरं कलम जास्त मोलाचं आहे, कारण आज सर्वांत जास्त तोटा त्याच लोकांना होतोय.

बडोद्याने इंदूरसोबतच उभं राहावं. २० लाखांची पायरी आली तर २०११ च्या आकड्यावर बडोदा तिच्या खालीच राहील, म्हणून मागणीत नव्या जनगणनेचे आकडे येताच वर्गवारी बदलण्याची अट हवी, आयोगाची दहा वर्षं संपण्याची वाट न बघता. आणंदला नेमणूक आणि घर दांडिया बाजारात, अशांसाठी शेजार-जोडणीचं कलम बडोद्यालाही लागू होतं.

ग्वाल्हेरचं गणित वेगळं आहे. नागरी समूह ११ लाखांचा, त्या आकड्याच्या आसपास कुठलीच पायरी नाही. भिंड जिल्ह्यातलं मालनपूर जोडून थोड्यांचा फायदा होईल. महालेखाकार कार्यालयासारखी मोठी कार्यालयं असलेल्या या शहराने किमान रकमेवर जोर द्यावा असं मला वाटतं. आज वाय वर्गात किमान भत्ता ३,६०० रुपये आहे. दर २० टक्के झाल्यापासून या कलमाचा काही उपयोग उरलेला नाही, कारण सर्वांत कमी मूळ वेतन १८,००० आणि त्याचे २० टक्के ३,६००च. पण नवा आयोग आला की दर पुन्हा खाली येऊ शकतात. २०१७ मध्ये वाय वर्ग २० वरून १६ टक्क्यांवर आला होता, आणि १८,००० वाल्याला २,८८० ऐवजी ३,६०० मिळाले ते केवळ या किमान रकमेमुळे. २२,५०० च्या खालच्या प्रत्येकाला तिचा आधार होता. लेव्हल १, २ आणि ३ ची सुरुवातीची वेतनं १८,०००, १९,९०० आणि २१,७०० आहेत, तिन्ही त्याच्या आत. नव्या वेतनावर किमान रक्कम नव्याने, २० टक्क्यांच्याच हिशेबाने बांधून घ्यावी, आणि ग्वाल्हेरच्या निवेदनात हे कलम सर्वांत वर, या तीन लेव्हलांचा स्पष्ट उल्लेख करून घालावं.