कुंडीतली जास्वंद आणि हगिन
कॅमेरा फिरवत घेतलेली अनेक चित्रे जोडून एक रुंद चित्र (पॅनोरामा) करायचे असेल, तर लांबचा डोंगर टिपताना कॅमेरा हातात धरून फिरवला तरी ती बहुधा जुळतात; पण गॅलरीतली जास्वंद वीतभर अंतरावरून टिपायची असेल, तर कॅमेरा छायाचित्रकार ज्याला नोडल पॉइंट म्हणतात त्या बिंदूभोवतीच (ज्याभोवती फिरवल्यास जवळच्या व लांबच्या वस्तू एकमेकींवरून सरकत नाहीत) फिरवावा लागतो, नाहीतर पुढचे पान मागच्या जाळीवरून सरकते आणि जोडावर त्याची कड दुहेरी दिसते. ही चित्रे जोडण्यासाठी मी हगिन हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरतो आणि ते मला मनापासून आवडते. शेजारच्या चित्रांतले समान बिंदू ते स्वतः शोधते. वाऱ्याने हललेल्या पाकळीवरचे बिंदू मात्र आपण हाताने काढावेत. मास्क आखून नको तो भाग वगळता येतो, ही तर फार मोलाची सोय आहे. फुलाबाहेर डोकावणाऱ्या दांडीवरचे पिवळे परागकण आणि मागची ओली फरशी एकाच चित्रात सलग आली, ती तिच्यामुळेच. फोकस, एक्स्पोजर (प्रकाशाचे प्रमाण) व व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) मॅन्युअल ठेवावे, भिंगाचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/११ च्या आसपास असावे आणि शेजारच्या चित्रांत सुमारे ३० टक्के भाग सामाईक घ्यावा. नवख्याने आधी हगिनच्या पडद्याची साधी मांडणी (सिंपल) वापरावी. सगळे पर्याय एक्स्पर्ट मांडणीत दिसतात.