स्पॅनिश शिकणाऱ्यांनो, रेआल अकादेमियाची डिक्शनरी वापरून बघा

स्पॅनिशमध्ये माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो सारख्या वाटणाऱ्या शब्दांत. आधी जे ॲप वापरत होते (नाव राहू दे) त्यात पेदीर आणि प्रेगुन्तार दोन्हींसमोर एकच इंग्लिश 'आस्क', मग कुठे कुठला वापरायचा ते कळणार कसं? शेवटी रेआल अकादेमिया एस्पान्योलाची ऑनलाइन डिक्शनरी उघडली. संस्था माद्रिदची, 1713 पासूनची, आणि साइट फुकट, लॉगिन वगैरे काही नाही. तिथे पेदीर म्हणजे कोणीतरी काहीतरी द्यावं किंवा करावं म्हणून विनवणं असं स्वच्छ लिहिलंय. अहो म्हणजे आपलं मागणं! बिल मागणं, माफी मागणं (पेदीर पेर्दोन) सगळं जसंच्या तसं बसतं, आणि प्रेगुन्तार म्हणजे विचारणं. हा फरक आपण लहानपणापासून करतोय, मधे इंग्लिश आणलं की तोच पुसला जातो. तेव्हापासून मी व्याख्या वाचते आणि वहीत मराठी शब्दच लिहिते.

सगळीकडे मराठी पुरत नाही हेही खरंय. रिंकोन आणि एस्किना दोन्ही आपल्याला कोपराच, पण रिंकोन म्हणजे दोन भिंती मिळतात तिथला आत गेलेला कोन आणि एस्किना म्हणजे इमारतीची बाहेर आलेली कड, थोडक्यात जाळी लागतात तो रिंकोन आणि रस्ता जिथे वळतो ती एस्किना. पेस पाण्यातला मासा, पेस्कादो खायला पकडून बाहेर काढलेला. कुठला अर्थ कुठल्या देशात चालतो तेही देतात आणि हे फार कामाचं आहे, कारण कोखेर म्हणजे स्पेनमध्ये साधं घेणं, पकडणं, बस पकडायची असेल तर कोखेर म्हणा, काही प्रॉब्लेम नाही, पण मेक्सिको, अर्जेंटिनात तोच शब्द अश्लील, तिथे तोमारच म्हणा. क्रियापदांची सगळी रूपं पण तिथेच मिळतात.

डिक्शनरी पूर्ण स्पॅनिशमध्ये आहे, त्यामुळे अगदी नवीन असाल तर थोडं थांबा, ए2 (भाषेच्या परीक्षांतली सुरुवातीची दुसरी पातळी) झालं की सुरू करा. माझ्याकडून 5 पैकी 4. एक कमी कारण काही गोष्टी व्याख्येतून पटकन लक्षात येत नाहीत, आईने हाक मारली की आपण 'आले आले' म्हणतो ना, स्पॅनिश मुलगी तिथे 'या बोय' म्हणते, म्हणजे शब्दशः 'जाते', आणि हे मला टीचरनी सांगितलं तेव्हाच कळलं.