हॉफमायस्टर बिअर, आठ महिने पिऊन झाल्यावर: उरलेल्या 92 मिलीचं काय करायचं?

परवाच्या खोक्यात बारांपैकी एक बाटली फुटलेली निघाली. ऑनलाइन दुकानवाले म्हणे, खोक्याचा फोटो पाठवा. खोक्याचा भिजून लगदा झालेला, तो मी केव्हाच टाकून दिला होता. पैसे बुडाले. दुकानावरचा राग बिअरवर मात्र काढणार नाही.

1984 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरला आलो तेव्हा शिफ्ट सुटल्यावर आमचा पहिला पाइंट (इथलं बिअरचं माप, 568 मिली) हॉफमायस्टरचाच असायचा. टीव्हीवरच्या तिच्या जाहिरातीत पिवळ्या जाकिटातला जॉर्ज अस्वल यायचा, ‘फॉलो द बेअर’ म्हणत. नाव जर्मन, बिअर इथलीच, करेज कंपनीची. अल्कोहोल साडेतीन टक्क्यांच्याही आत, त्यामुळे तीन पाइंट पिऊनही शेवटची बस नीट पकडता यायची. 2003 मध्ये ती बंद झाली तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

2016 पासून मिळते ती जर्मनीतल्या बव्हेरियात बनते. हेलेस, म्हणजे तिकडची फिकट सोनेरी बिअर, 5 टक्के. पहिले दोन महिने मला ती परकीच वाटली. जॉर्जचं जाकीट गेलं, तो हलकेपणाही गेला.

पण खरी तक्रार मापाची आहे. माझ्याकडे त्या काळातला पाइंटचा ग्लास आहे, सरकारी मापाचा मुकुटाचा शिक्का असलेला. काठोकाठ 568 मिली. बाटली 330 ची. एक ओतली तर ग्लास अर्ध्याच्या थोडाच वर जातो, दोन फोडल्या तर 92 मिली उरते. झाकून ठेवली की सकाळी तिच्यात काही राम नसतो. ओतून द्यायला हात धजत नाही. शेवटी बायकोने ती कांदाभज्यांच्या पिठात घातली. भजी कुरकुरीत झाली, सोडाही लागला नाही. तरी हिशेब केलाच: बारा बाटल्यांमागे 552 मिली, म्हणजे जवळपास एक अख्खा पाइंट कढईत!

तिसऱ्या महिन्यात मत बदललं. ऑगस्ट 2023 पासून ब्रिटनमध्ये साडेतीन टक्क्यांखालच्या बिअरला कर कमी लागतो, म्हणून इथल्या बऱ्याच लागर (हॉफमायस्टरसारख्याच बिअर) 3.4 टक्क्यांवर उतरल्या आहेत. त्यातली एक जुन्या ओढीने आणली. हलकी होती, अगदी तशीच. अर्ध्या ग्लासात कंटाळलो. तोंडात धान्याची चव नाही, मागे काही रेंगाळत नाही. चाळीस वर्षं जी चव जपून ठेवली होती ती बिअरची नव्हतीच, बरोबर बसणाऱ्या चौघांची होती. त्यातले दोघे आता नाहीत.

नवी हॉफमायस्टर घेत राहणार. महाग आहे, म्हणून शनिवारीच. पुढचं खोकं दुसऱ्या दुकानातून मागवतोय, आणि ते उघडायच्या आधी फोटो काढणार आहे.