दोन कार्ब्युरेटरांची हवा मोजणारं यंत्र: आठ महिने वापरल्यावर

बाबांना उजव्या कानाने आता नीट ऐकू येत नाही. हे यंत्र आमच्या घरी आलं ते त्यामुळे.

आमची गाडी १९७० ची एमजीबी रोडस्टर, उघड्या टपाची जुनी ब्रिटिश गाडी. १७९८ सीसीचं बी-सीरीज इंजिन, दोन एसयू एचएस४ कार्ब्युरेटर (इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारे भाग; एसयू ही त्यांची बनावट). बाबांनी आणि मी ती तीन वर्षं खपून घरीच उभी केली. या गाडीला वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीच पेलते. त्यामुळे दाराखालचे सिल गंजले की गाडी मधोमध वाकायला लागते. आमचे दोन्ही सिल आतल्या पत्र्यापर्यंत गेले होते. पहिलं दीड वर्ष त्यातच गेलं. सीटच्या मागे असणाऱ्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांचे कप्पे मी स्वतः कापून नवे बसवले. पण ते सगळं पुन्हा कधीतरी लिहीन. आज फक्त या यंत्राबद्दल.

दोन्ही कार्ब्युरेटर सारखीच हवा ओढतील असे लावायचं काम बाबा कायम रबरी नळीने करत आले. फूटभर नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. पुढच्याची सूं ऐकायची, मागच्याची ऐकायची आणि दोन्ही एका पट्टीत येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. पद्धत उत्तम आहे. तिच्यावर माझा आजही विश्वास आहे, पण तिला दोन धड कान लागतात. एका रविवारी बाबा "झालं" म्हणाले, तरी इंजिन स्लोला (पाय न दाबता नुसतं चालू असताना) झोके खात होतं. मी नळी घेतली, तर मागच्याचा आवाज सरळसरळ मोठा होता.

"बाबा, मागचा जास्त ओढतोय."

"मला तर सारखेच लागतायत गं."

त्या दिवशी आम्ही बॉनेट लावून टाकलं. दोन दिवसांनी तेच म्हणाले, "ते हवा मोजायचं मिळतं ना, ते मागव."

यंत्र दिसायला अगदी साधं. मुठीत मावेल एवढं काळ्या प्लास्टिकचं नरसाळं, आत स्प्रिंगवर तोललेलं एक हलकं पातं, वर घड्याळासारखी तबकडी. नरसाळं कार्ब्युरेटरच्या तोंडाला लावलं की आत ओढली जाणारी हवा पात्याला ढकलते आणि ताशी किती किलो हवा जातेय ते काटा दाखवतो. आकडे १ ते ३०. बॅटरी नाही, वायर नाही. त्याआधी आम्ही एका ओळखीच्यांकडून दुसऱ्या जातीचं उपकरण आणून पाहिलं होतं. त्यात काचेच्या उभ्या नळीत एक गोळी वर-खाली होते, आणि मधली चकती फिरवून हवेची वाट कमी-जास्त करावी लागते. ते तोंडाला लावलं की इंजिनचा श्वास कोंडायचा, फेरे पडायचे, दोनदा तर इंजिन बंदच झालं. या नव्या यंत्राने इंजिनचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा जेमतेम हलतो. दोन्ही जातींत निवडायचं असेल तर माझ्या मते एवढ्या एका कारणावर निवड संपते.

पहिलं माप मला अजून आठवतं. पुढे साडेतीन, मागे सहा. बाबा बराच वेळ तबकडीकडे बघत राहिले. मग काही न बोलता त्यांनी पाना उचलला.

हे यंत्र मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) मोजत नाही, फक्त हवा मोजतं, हे घेणाऱ्याने आधी नीट समजून घ्यावं. एसयूमध्ये दट्ट्या वरच्या घुमटातल्या कमी दाबाने उचलला जातो, त्याच्या पोटाला निमुळती सुई असते, आणि ती जेटमधून (पेट्रोल येतं त्या भोकातून) वर येईल तसं पेट्रोल वाढतं. म्हणजे पेट्रोल हवेच्या मागून येतं. दोन्हीकडची हवा सारखी नसेल तर जेट कितीही फिरवा, मिक्श्चर जुळल्यासारखं वाटेल आणि पुढच्या चढावर पुन्हा बिघडेल. म्हणून क्रम असा: आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट (आम्ही थंड इंजिनवर ०.३८ मिमी ठेवतो), मग ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची फट (०.३५ ते ०.४० मिमी), प्लग, टायमिंग, त्यानंतर हवा आणि सगळ्यात शेवटी जेट. इंजिन पूर्ण तापलेलं हवं. आणि दोन्ही कार्ब्युरेटरना जोडणाऱ्या दांडीचे क्लॅम्प सैल केलेले हवेत, नाहीतर एकाचा स्क्रू फिरवला की दुसराही हलतो आणि आपण यंत्राला दोष देत बसतो. चोकच्या दांडीचंही तेच.

काटा थरथरतो. पहिल्या दिवशी मला वाटलं यंत्रच खराब आलंय. ते तसं नव्हतं. या इंजिनात पुढचा कार्ब्युरेटर पहिल्या दोन सिलिंडरना पुरवतो, मागचा तिसऱ्या-चौथ्याला, आणि फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे. म्हणजे पुढचा कार्ब्युरेटर २ आणि १ साठी लागोपाठ दोन श्वास घेतो, मग तेवढाच वेळ गप्प बसतो आणि तेव्हा मागचा ३ आणि ४ साठी घेतो. मॅनिफोल्डमधली (कार्ब्युरेटरकडून सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांमधली) जोडनळी हे धक्के थोडे वाटून घेते, पण पुरते नाही. काटा त्या तालावर नाचतो. थरथरीच्या मधोमध नजर ठेवायची, दहा सेकंद थांबायचं आणि मग आकडा बोलायचा. दोघं असलात तर एकाने वाचावं, दुसऱ्याने स्क्रू धरावा. आमच्याकडे मी वाचते.

आता ज्या कारणासाठी मी हे लिहायला बसले ते सांगते. पहिल्याच दिवशी आम्ही दोन्हीकडे साडेचार आणले. छान जुळलं, पण इंजिन ११५० फेऱ्यांवर चाललेलं. हवं ८५०-९००. म्हणून दोन्ही स्क्रू सारखे मागे घेत गेलो. माप उतरत दोनच्या आसपास आलं, स्क्रू तर टेकायचेच बंद झाले, म्हणजे थ्रॉटलच्या (हवेची वाट उघड-बंद करणाऱ्या) चकत्या पूर्ण मिटल्या होत्या. तरीही इंजिन १०५० वर! कार्ब्युरेटरच्या तोंडातून हवा आधीच्या निम्म्याहूनही कमी जात होती आणि इंजिन मात्र मजेत चाललं होतं. हे यंत्र तोंडातून जाणारी हवाच मोजतं. मग उरलेली येतेय कुठून?

बाबांनी तेलाची पिचकारी आणली आणि थ्रॉटलच्या दांडीच्या टोकांशी एकेक थेंब सोडला. पुढे काही नाही. मागच्या कार्ब्युरेटरच्या बाहेरच्या टोकाला थेंब पडताच इंजिन ९०० वर आलं, दोन-तीन सेकंद तिथेच राहिलं आणि पुन्हा चढलं. दांडी झिजली होती, कार्ब्युरेटरच्या बॉडीतलं तिचं भोक अंडाकृती झालं होतं आणि तिथून हवा फुकट आत जात होती. पेट्रोलविना आलेल्या त्या हवेने मागचे दोन सिलिंडर लीन होत होते, म्हणजे त्यांना पेट्रोल कमी पडत होतं. ते झाकण्यासाठी मागच्या जेटचा नट पुढच्यापेक्षा तब्बल पाच पैलू खाली गेलेला होता. एसयूत नट एक पैलू फिरवणं म्हणजे एक षष्ठांश फेरा. पाच पैलू हा फरक फार मोठा आहे. नळीने वर्षानुवर्षं आवाज जुळवत गेलो, मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त) करत गेलो, आणि दुखणं दांडीत होतं. कानाला ही गळती कळणं अवघड, कारण तिचा आवाज तोंडापाशी येतच नाही.

दुरुस्तीबद्दल दोन गोष्टी, कारण यंत्र घेणाऱ्या बऱ्याच जणांना पुढे हेच करावं लागेल. नुसती नवी दांडी घालून आमचं भागलं नाही. बॉडीचं भोक लेथवर मोठं करून त्यात बुश बसवून घ्यावे लागले. आणि दांडीत चकती धरणारे जे दोन बारीक स्क्रू असतात त्यांची टोकं चिरलेली असतात. चकती मिटून, उजेडासमोर धरून, कडेने सारखी बसलीय हे बघितल्यावरच ते आवळायचे आणि मग चिरलेली टोकं फाकवायची. जुने स्क्रू पुन्हा वापरायचे नाहीत. यातला एक जरी सुटला तरी तो थेट सिलिंडरमध्ये जातो. हे काम मी केलं आणि बाबांनी भिंगातून दोनदा तपासलं. उघडलंच आहे म्हणून घुमट आणि दट्ट्याही रॉकेलने धुतले. मात्र एकाचा दट्ट्या दुसऱ्याच्या घुमटात जाऊ देऊ नका, त्या जोड्या एकमेकांसाठीच बनवलेल्या असतात.

सगळं परत बसवल्यावर माप आलं पुढे ४, मागे ४, फेरे ८७०. मागचा जेट आता पुढच्याच्या एका पैलूच्या आत आहे. दट्ट्या खालच्या पिनने मिलिमीटरभरापेक्षा कमी उचलला की फेरे किंचित वाढतात आणि लगेच जागेवर येतात. म्हणजे मिक्श्चर बरोबर. वाढून तसेच राहिले असते तर रिच, लगेच पडले असते तर लीन. यासाठी काचेचा प्लगही मिळतो, त्यातून आतली ज्वाळा निळी आहे की पिवळी ते दिसतं. आमच्याकडे आहे, पण पिनच जास्त वापरली जाते.

तक्रारी दोन आहेत. एक गंभीर आहे.

एचएस४ च्या तोंडाच्या कडेला, जिथे एअर क्लीनर बसतो त्या पृष्ठभागावर, छोटी भोकं असतात. तिथून दट्ट्याच्या खालच्या बाजूला हवा पोचते, तेव्हाच तो मोकळेपणी वर उठू शकतो. यंत्रासोबत जी रबरी कडी येते ती रुंद आहे आणि नीट दाबून धरली की हीच भोकं झाकते. मग दट्ट्या आळसावतो आणि माप खोटं येतं. सोबतच्या कागदावर याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. पहिले दोन आठवडे माझी मापं दर वेळी वेगळी यायची ती यामुळेच. मी शेवटी जुन्या रेडिएटर होजचा जाड तुकडा कापला, त्याची कड तासली आणि नरसाळ्याला चढवली. ती ३८ मिमीच्या तोंडात थोडी आत बसते आणि भोकं उघडी राहतात. बनवणाऱ्यांनी अशी एक कडी जोडीला दिली तर किती जणांचा त्रास वाचेल!

याच भोकांवरून एक आठवण सांगते. एअर क्लीनर परत लावताना गॅस्केट उलटं बसलं तरी हीच भोकं बंद होतात. माझ्याकडून एकदा तसं झालं. यंत्राने दोन्हीकडे चारच दाखवलं होतं, कारण मापताना गॅस्केट नव्हतंच, आणि रस्त्यावर गाडीत जीव नव्हता. पूर्ण संध्याकाळ मी पेट्रोल पंप आणि इग्निशन तपासण्यात घालवली.

दुसरी तक्रार छोटी: १ ते ५ हे आकडे फार दाटीने छापलेत, आणि दोन कार्ब्युरेटरच्या या इंजिनाचं स्लोचं सगळं काम नेमकं तिथेच चालतं. अर्ध्याचा फरक वाचायला डोळे ताणावे लागतात. मी पांढऱ्या रंगाच्या बारीक रेघा ओढून घेतल्या आहेत.

प्लास्टिक मात्र दणकट निघालं. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात, मध्ये उष्णता अडवायला फक्त एक पत्रा. यंत्र दोनदा त्या गरम पत्र्याला टेकलं, एकदा फरशीवर पडलं. काटा अजून शून्यावर परत येतो. हात मात्र भाजतात. लांब बाह्यांचा शर्ट घालून काम करा.

कोणी घ्यावं? दोन किंवा जास्त कार्ब्युरेटर असतील आणि गाडी स्वतः सांभाळत असाल तर जरूर घ्या. एकच कार्ब्युरेटर असेल तर तुम्हाला याचा काही उपयोग नाही, त्या पैशात चांगली टायमिंग लाइट येईल. थ्रॉटलची दांडी आधीच खुळखुळत असेल तर तिच्यासाठी बुश आधी, यंत्र नंतर. आणि कान शाबूत असेल तर नळी टाकून देऊ नका. मी आधी नळीने लावते, मग यंत्राने तपासते. आता माझा अंदाज बहुतेक वेळा अर्ध्याच्या आत निघतो. बाबा डावा कान लावून बघतात आणि आकडा स्वतः आधी सांगतात. परवा "सव्वाचार" म्हणाले, काटा चारच्या जरासा पुढे होता.

स्लोचं माप आता महिनोन्‌महिने हलत नाही. पण दोन्ही कार्ब्युरेटरना जोडणाऱ्या दांडीचे क्लॅम्प आवळून १५०० फेऱ्यांवर मोजलं की अजून पुढे-मागे अर्ध्याचा फरक राहतो. मागच्या सांध्याची पिन तिच्या खाचेत ढिली आहे, असं बाबांचं म्हणणं आहे. पिन मागवली आहे. ती बसली की पुन्हा मोजून इथेच खाली आकडे देईन.